सत्त्याऐंशी नंबरची रुसूबाई

४ मार्च

विभागप्रमुखांच्या सहीचा एक कागद आज टेबलावर येऊन पडला. दर नळीमागे एक ओळ, आणि पहिलाच रकाना: 'किंमत'.

काच, कापसाचं बूच आणि तळाशी दोन बोटं जेलीसारखं आगर एवढंच धरलं तर कपभर चहाही येणार नाही. पण खरा हिशोब करायचा तर पाठकोरा कागद लागतो. सत्त्याऐंशी नंबरची नळी घेऊ. तिच्यातलं शेवाळ दर अठ्ठाविसाव्या दिवशी नव्या आगरवर न्यावं लागतं, म्हणजे वर्षातून तेरा वेळा. हे काम माझ्या हातात आलं त्याला चोवीस वर्षं झाली. तेरा चोवीस तीनशे बारा. या तीनशे बारांत काय काय गेलं? धाकट्या बहिणीचं लग्न: लागून गेल्यावर पोचलो. मुलीचं बाळंतपण: नातू पाहिला तेव्हा तो तीन दिवसांचा होता. हिच्याबरोबर समुद्र: अजून पाहायचा आहे.

एवढं सगळं रकान्यात मावेना, म्हणून 'अमूल्य' लिहिलं. तासाभरात लिपिकाने कागद परत पाठवला. 'आकड्यात लिहावे.'

शेवटचा रकाना मात्र मी एका दमात भरला. 'हाताळताना दगावलेल्या नळ्या.' तिथे ठळक शाईने शून्य काढलं आणि खाली नसती ओळही जोडली: 'चोवीस वर्षांत एकही नाही.' खोटं कशाला बोलू, लिहून झाल्यावर लांब धरून दोनदा वाचलं.

तीस जूनला निवृत्त होतोय. त्याआधी डायरी लिही, असं मुलीने बजावलंय. तिच्यासाठी सुरुवातीपासून सांगतो. आमच्या खोलीत दोनशे बारा नळ्या आहेत. प्रत्येकीत एकेका जातीचं सूक्ष्म शेवाळ. डोळ्यांना दिसते ती नुसती हिरवी रेघ. कोणाला संशोधनाला हवं असलं की आमच्याकडून चिमूटभर घेऊन जातात. मी इथे आलो तो बाटल्या धुवायला, रोजंदारीवर. विद्यापीठात माणूस पुस्तकं वाचून वर चढतो, मी कान देऊन चढलो. पोरं मला शेवाळमामा म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही ऐकू येतं.

६ मार्च

आज सत्त्याऐंशीचा दिवस.

ही नळ्यांची खोली उभी करणाऱ्या आमच्या बाईंनी एक नियम पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. सकाळी हात ताजा असतो तेव्हा रुसणाऱ्या नळ्या घ्यायच्या. दांडग्या संध्याकाळी. दांडगीचा एक कण जरी रुसणारीत पडला तरी ती हळूहळू सगळं घर बळकावते. आमच्यातली अट्टल दांडगी बारा नंबर. तिला सांडपाण्यात टाका, उन्हात ठेवा, विसरून जा, तरी वाढेल.

शेवाळाचा कण उचलायची तार ज्योतीत लाल करायची, नव्या आगरच्या कडेला टेकवायची आणि 'चर्र' ऐकायचं. आवाज आला म्हणजे तार पुरती तापली होती आणि आता निवली. मगच हिरव्याला हात लावायचा. नवी पोरं डोळ्यांनी बघतात. मी ऐकतो.

सत्त्याऐंशी हे बाईंचं पहिलं अपत्य. जुन्या वसतिगृहामागे दगडी कुंड होतं, त्याच्या सावलीतल्या कडेवरून त्यांनी ते खरवडून आणलं. ते कुंड आता नाही, तिथे दुचाक्या लागतात. म्हणजे जगात कुठे असेल तर आमच्याच नळीत. सुरुवातीला फार रुसायची. पिवळट, मरतुकडी, दहा नळ्या भराव्या तेव्हा चार धरणार. म्हणून नाव पडलं रुसूबाई. सतरा वर्षांपूर्वी मात्र एकदम सुधारली. हिरवीगार, आठवड्यात नळी भरून टाकते. काही जणांच्या हाताला गुण असतो म्हणतात. आपण कशाला नाही म्हणा?

७ मार्च

जुनी झालेली नळी घेऊन दर महिन्याला बाईंकडे जातो. त्या निवृत्त झाल्यापासूनचा हा शिरस्ता. त्यांना सुटून चौदा वर्षं झाली. आता अठ्ठ्याहत्तर वय, जिना उतरणं बंद, हात कापतात. घरचं सगळं कामाच्या मावशी पाहतात.

बाईंनी नेहमीसारखी नळी उजेडाकडे धरली. ती त्यांच्या हातात थरथरत होती, म्हणून मी खालून बोट लावलं.

"छान आहे," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "फार हिरवी आहे रे."

"मग! तुमच्या वेळेला कशी पिवळी पडायची, आठवतं?"

"आठवतं," बाई म्हणाल्या. "मला तेच जास्त आठवतं."

म्हातारपणी जुनंच आठवतं म्हणतात ते खरं.

एक काळजीची गोष्ट. घरात स्पिरिटचा वास येत होता. जेवणाच्या टेबलावर रुपयाएवढा काळा डाग, आणि कपाटामागे बाईंचा जुना स्पिरिटचा दिवा. उत्तरेच्या खिडकीत पडद्याआड लाकडी स्टँडमध्ये एकच नळी, पिवळट, सुकत आलेली, बुचाजवळ धूळ. म्हटलं, "बाई, ही धुऊन टाकू का?" एवढं बोललो आणि त्यांनी हात आडवा घातला. "नको. राहू दे ती."

जुन्या वस्तूवर जीव असतो माणसाचा. पण कापत्या हातांनी दिवा पेटवायचा म्हणजे घरदार जळायचं. निघताना मी दिवा आणि काडेपेटी पिशवीत घातली. मावशींना दारात म्हणालो, "विसरायला लागल्यात त्या. विस्तवापासून लांब ठेवा."

मावशी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी ताट ओढून नेतोय.

८ मार्च

हिला दिव्याची गोष्ट सांगितली. ही भाजी निवडत होती.

"विचारून आणलात?"

"म्हाताऱ्या माणसाला काय विचारायचं?"

"हं," ही म्हणाली. "तुम्ही साठीला टेकताय. तुमची तार लपवायची वेळ आली की मीही विचारणार नाही."

२३ मार्च

कागदामागचं कारण आज कळलं. कारण कळायला मला मीटिंग लागत नाही, विभागप्रमुखांचा फोन पुरतो. भिंत पातळ आहे. आपल्या सगळ्या नळ्या दुसऱ्या शहरात मोठ्या शीतकोठीत गोठवून ठेवणार. एकदा गोठलं की दर अठ्ठावीस दिवसांची कटकट नाही, शंभर वर्षं बघायला नको. गाडी पंधरा जूनला येणार. पण आधी प्रत्येक नळीची जनुकीय चाचणी. जिची ओळख पटेल तीच जाणार.

चाचणीचं काम चष्मेवालीकडे. ही आमची नवी संशोधक पोरगी, काचा एवढ्या जाड की तिला सूक्ष्मदर्शक लागत नसावा. दिवसभर तिने दोनशे बारा नळ्यांतून चिमूट चिमूट घेतली. मी शेजारी पहारा देत होतो.

"मामा, तुम्ही श्वास घ्या ना. मी काही पळवून नेत नाहीये."

"आधी रुसणाऱ्या, मग दांडग्या," मी म्हणालो.

"माहितीये. सकाळपासून अकरा वेळा सांगितलंत."

सत्त्याऐंशी आली तेव्हा मी तिला कुंडाची सगळी गोष्ट सांगितली. ती थांबून ऐकत राहिली. म्हणाली, "ही जर खरंच कुठे नोंद नसलेली जात निघाली तर तिला बाईंचं नाव देता येईल. मामा, त्या आहेत तोवर."

पोरगी चांगली आहे. चष्म्यातून लांबचंही दिसतं.

४ एप्रिल

काल रुसूबाईला नवं घर दिलं. आज बाईंकडे. जिना चढताना आतलं बोलणं कानावर आलं. दार लोटलेलं होतं.

मावशी सांगत होत्या, "तुमच्याच्याने होत नाही, माझ्याच्याने होत नाही. मागच्या वेळी सगळ्यांवर बुरशी आली. आता एक राहिली. त्यांना सांगून टाका की सरळ."

बाई म्हणाल्या, "त्याला सांगायचं नाही. इतकी वर्षं नाही सांगितलं. आता जाता जाता कशाला त्याचा जीव दुखवू?"

मी पायरीवरच थांबलो. दुखणं नक्की मोठं आहे, आणि माझ्यापासून लपवतायत. सगळ्यांवर बुरशी म्हणजे बहुतेक लोणच्याच्या बरण्या. मावशींची धांदल मला माहीत आहे. मी खाली उतरलो, मुद्दाम पाय आपटत पुन्हा वर गेलो.

हसतमुखाने चाचणीची बातमी दिली. म्हटलं, "बाई, रुसूबाईला तुमचं नाव लागणार!"

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, भरून आलं असेल.

"ती चाचणी," त्यांनी विचारलं, "कधी कळेल?"

"दोन-तीन आठवड्यांत."

मग म्हणाल्या, "माझा दिवा परत आणशील का?"

मी लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. दिव्याऐवजी बॅटरी आणून देईन म्हटलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. "तुझे हात मात्र अजून स्थिर आहेत," म्हणाल्या.

"त्यावरच तर पोट भरलं!" मी म्हणालो, आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले.

मावशींनी चहाचा कप असा ठेवला की बशीत निम्मा सांडला.

१९ एप्रिल

चष्मेवालीने दोनशे अकरा निकालांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. सगळ्या जागच्या जागी. मी म्हटलं, "एक कमी आहे."

ती खुर्ची ओढून बसली. कोणी आधी बसून मग बोललं की बातमी चांगली नसते.

"मामा, सत्त्याऐंशी आणि बारा एकच आहेत."

"म्हणजे नात्यातल्या?"

"नाही. एकच. शेवटच्या अक्षरापर्यंत. सत्त्याऐंशीच्या नळीत बारा नंबर आहे."

मी हसलो. यंत्र नवं आहे, म्हटलं. यंत्राची सवय व्हायला वेळ लागतो. तिने वाद घातला नाही. "पुन्हा करते," म्हणाली. "दहा दिवस लागतील. तोपर्यंत मी कोणाला बोलत नाही."

तिने वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

२० एप्रिल

यंत्र चुकलं असणार.

२४ एप्रिल

बारा आणि सत्त्याऐंशी उजेडात शेजारी शेजारी धरल्या. सारख्या दिसतात. पण काय, हिरवं ते सगळं हिरवंच दिसायचं. सूक्ष्मदर्शकाखालीही दोघी पूर्वीपासून गोलच.

हिला काही बोललो नाही. ही म्हणाली, "जेवताना नळी बघितल्यासारखी भाकरी उजेडात काय धरताय?"

३० एप्रिल

काल दुसरा निकाल आला. तोच.

रात्री कूस बदलत राहिलो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन नोंदवह्यांचं कपाट उघडलं. कुठल्या नळीला किती वाजता हात लावला हे मी मिनिटासकट लिहितो. बाईंची शिस्त. वर्ष शोधायला वेळ लागला नाही. रुसूबाई 'सुधारली' त्या वर्षाची वही काढली आणि पानं मागे मागे नेली.

अकरा ऑगस्ट. माझंच अक्षर.

बारा नंबर: चार वाजून दहा मिनिटं.
सत्त्याऐंशी: चार वाजून पंधरा मिनिटं.

दांडगी आधी, रुसणारी नंतर. चोवीस वर्षांत असं एकच पान.

त्या दिवशी आई दवाखान्यात होती. सकाळी तिथेच थांबलो, रुसणाऱ्यांची वेळ टळली. दुपारी धावत आलो. संध्याकाळच्या दांडग्या घेतल्या, आणि बाहेर पडता पडता आठवलं, आज अठ्ठाविसावा दिवस. म्हटलं, एवढी एक उरकतो आणि पळतो. तार ज्योतीत धरली होती, हे नक्की. 'चर्र' ऐकल्याचं मात्र आठवत नाही. त्या दिवशी माझा कान फोनकडे होता.

फोन साडेचारला आला. आई गेली होती.

पानाच्या खाली शनिवारची तपासणी केल्याची बाईंची सही आहे. आणि चार पंधराच्या शेजारी शिसपेन्सिलीचं बारीकसं प्रश्नचिन्ह. सतरा वर्षं ते तिथे आहे. मी ती वही पुन्हा कधी उघडलीच नव्हती. शून्य चुका करणारा माणूस जुन्या वह्या कशाला उघडेल?

१ मे

आज अठ्ठाविसावा दिवस. बारा नंबरला सत्त्याऐंशीच्या नावाने नवं घर दिलं. सवयीचा हात थांबेना.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. हिने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा विचारलं ते आईच्या दिवसाबद्दल. "तुम्ही सव्वाचारला काम करत होतात, हे मला कधी बोलला नाहीत."

पायात चपला तशाच होत्या, त्या काढल्या.

मग हिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "सतरा वर्षं दुसऱ्याच बाईला रुसूबाई म्हणून हाका मारत होतात की हो," ही म्हणाली. "आणि ती ओ देत होती."

हसू आलं. त्यामागोमाग दुसरंही आलं.

बाईंना सांगायचं नाही, असं मी ठरवलंय. त्यांचं पहिलं अपत्य माझ्या हातून गेलं, त्या कुंडाच्या जागी दुचाक्या उभ्या आहेत, हे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना का कळावं? नळी घेऊन जाईन, त्या उजेडात धरतील, छान आहे म्हणतील. होईल तेवढे दिवस असंच.

२ मे

असंच झालं नाही.

बाईंनी नळी धरली. मी खालून बोट लावलं. त्या म्हणाल्या, "छान आहे."

आणि माझ्या तोंडून निघालं, "छान नाहीये बाई. ती बारा नंबर आहे."

त्यांनी नळी हळूच मांडीवर ठेवली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तुम्हाला माहीत होतं."

"तीन महिन्यांत कळलं," बाई म्हणाल्या. "रुसूबाई एवढी खाऊनपिऊन सुखी कधी असते का?"

"मग बोलला का नाहीत? एक थोबाडीत द्यायची होतीत."

"तुझी आई गेली होती रे. डोक्यावरचे केस नीट वाढले नव्हते तुझे. त्यात हे सांगू? आणि मग पुढे तू एवढा खूश व्हायला लागलास. येईल त्याला नळी दाखवायचास. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं. चूक तुझी पाच मिनिटांची. माझी सतरा वर्षांची." मग सूर बदलून म्हणाल्या, "बाहेर कोणाला ती जाऊ दिली नाही, एवढं केलं."

खरंच. 'सत्त्याऐंशी कोणाला द्यायची नाही', ही त्यांची सक्त ताकीद होती. मला वाटायचं, माया आहे म्हणून.

"पण खरी तर गेलीच ना," मी म्हणालो.

"मावशी," बाई म्हणाल्या, "पडदा सरकव."

मावशींनी पडदा सरकवला. लाकडी स्टँड, पिवळट नळी.

आमच्याकडे नवी नळी भरली की आधीची महिनाभर सांभाळून ठेवतात. त्या ऑगस्टात, वहीतल्या वेळा पाहून शंका आली तेव्हा, आधीची नळी बाईंनी पर्समध्ये घालून घरी नेली होती. तेव्हापासून दर अठ्ठावीस दिवसांनी त्या जेवणाच्या टेबलावर तिला नवं घर देत होत्या, स्पिरिटच्या त्या दिव्यावर. गेल्या ऑक्टोबरपर्यंत जमलं. मग हात कापायला लागले. जानेवारीत मावशींच्या हातून करवून पाहिलं, सगळ्यांवर बुरशी आली. फेब्रुवारीत पुन्हा दिवा पेटवला, तेव्हा तो काळा डाग पडला. आणि मार्चमध्ये मी दिवाच उचलून नेला.

ऑक्टोबरची ती एकच नळी उरली होती. आणि मी ती धुऊन टाकतो म्हणालो होतो.

"मी म्हणत होते, सांगा म्हणून," मावशी म्हणाल्या. "पण दोघंही एकमेकांना जपण्यात गर्क."

मला नीट दिसेना. नळी सदऱ्याच्या खिशात उभी ठेवली, वरून हात धरला. दारातून बाई म्हणाल्या, "उजेड कमी ठेव तिला. आणि घाई करू नकोस."

३ मे

सकाळी सातला, दुसऱ्या कुठल्याही नळीला हात लावायच्या आधी. चष्मेवालीलाही बोलावलं होतं. एक कण तिला चाचणीसाठी दिला. उरलेल्यातून दहा नळ्या भरल्या. प्रत्येक वेळी 'चर्र' ऐकलं, दहाच्या दहा वेळा. चष्मेवाली म्हणाली, "मलासुद्धा ऐकू आलं, मामा."

खोलीच्या कोपऱ्यात, तपकिरी कागदाच्या आडोशाला ठेवल्या. उन्हाळ्याच्या दिवसांत लहान मुलाला निजवतात तसं.

वहीत लिहिलं: सत्त्याऐंशी, सात वाजून पाच मिनिटं.

११ मे

कणाचा निकाल आला. बारा नाही. आमच्या दोनशे बारांपैकी कोणीच नाही, आणि चष्मेवालीला कुठल्याच यादीत तिचं नाव सापडलं नाही. पोरगी खुर्चीत बसली नाही, उभ्याउभ्याच सांगितलं.

पण कण मेलेला असला तरी चाचणीला कळत नाही. नळ्यांत काहीच नाही. कोरं आगर.

१६ मे

कोरं.

दोन नळ्यांवर बुरशी. बाहेर काढल्या.

२१ मे

विभागप्रमुखांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ऑगस्टचं पान पुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, लावला. "तुम्ही हे सांगायला आलात?" म्हणाले. मला कळेना की हे रागाचं आहे की कसलं. मग त्यांनी विचारलं, "पंधरा जूनपर्यंत ती वाढेल?"

"रुसलीय साहेब. विचारून सांगतो."

फोनवरून बाईंना रोज एक वाक्य कळवतो. आजचं: 'अजून नाही.' पलीकडून मावशींचा आवाज येतो, "त्या म्हणतायत, तिने एकदा बत्तीस दिवस वाट बघायला लावली होती."

ही रोज डबा देताना विचारते, "उठली का बाईसाहेब?" पूर्वी सवत म्हणायची. आता बाईसाहेब.

२७ मे

आणखी तीन नळ्या पांढऱ्या पडल्या, आगर आकसलं. आणखी एकीचं आगर कडेने सुटून आलं. दहातल्या चार उरल्या, त्याही कोऱ्या. घरी आलो तर कुंडीतलं रोपटं वाळलेलं दिसलं. ही म्हणाली, "तुम्हाला कधी पाणी घालायला सांगितलंच नव्हतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका."

२९ मे

बारा नंबरच्या 'सत्त्याऐंशी'चा आज अठ्ठाविसावा दिवस. पहिल्यांदा टाळला. लेबल काढलं.

कोपऱ्यातल्या चारांपैकी दोन काळवंडल्या.

३१ मे

अठ्ठाविसावा दिवस, खऱ्या सत्त्याऐंशीचा.

सकाळी कागदाचा आडोसा सरकवला. काही नव्हतं. चष्मेवाली आली. मी म्हटलं, काही नाही. तिने नळी घेऊन नाकाला लावली, त्या जाड काचांतून बघत राहिली, बघतच राहिली.

"मामा. इथे."

आगरच्या कडेला मोहरीएवढा ठिपका. पिवळट, मरतुकडा. हिरव्याची नुसती आठवण. दुसऱ्या नळीतही एक, त्याहून बारीक. सतरा वर्षांनी मला तिचा रंग ओळखू आला. आई घरी असायची तेव्हाचा रंग.

चष्मेवालीला पाठ करून मी थोडा वेळ नळ्या मोजत उभा राहिलो. दोनच होत्या, तरी वेळ लागला.

१ जून

एक नळी घेऊन बाईंकडे गेलो. दिवाही परत नेला. मावशींनी तो हातातून ओढूनच घेतला आणि फडक्याने पुसून कपाटात ठेवला.

बाईंनी नळी उजेडाकडे धरली. थरथरत होती. मी खालून बोट लावलं. नळी फिरवून ठिपका शोधला. मग म्हणाल्या, "छान नाहीये."

"नाहीच मुळी," मी म्हणालो. "अगदी मरतुकडी आहे."

"खाईल हळूहळू," त्या म्हणाल्या, आणि नळी माझ्या हातात देताना माझी बोटं क्षणभर धरून ठेवली.

पंधरा तारखेच्या गाडीत एक जाईल. दुसरी चष्मेवालीकडे राहील. तिला मी ऐकायला शिकवतोय. खोट्या सत्त्याऐंशीचा सव्वीस जूनचा दिवस आता नाही, खरीचा अठ्ठावीस जूनचा चष्मेवाली बघेल. म्हणून हिने समुद्राची तिकिटं काढली, मला न विचारता.

संध्याकाळी विभागप्रमुखांचा तो कागद पुरा करायला घेतला. किमतीचा रकाना कोराच सोडला. मे महिन्यातल्या आठ, आणि सतरा वर्षांपूर्वीची एक. शेवटच्या रकान्यातलं शून्य खोडून तिथे नऊ लिहिलं.